मार्था बापाशी बोलत नाही

"उभी राहा," कवठाळे सर म्हणाले.

पूर्वपरीक्षेचे पेपर वाटून झाले होते. माझाच तेवढा राहिला होता. तो सरांनी दोन बोटांच्या चिमटीत धरला होता, ओलं फडकं धरावं तसा.

"कोणत्या पुस्तकातून उतरवलंस हे?"

"कोणत्याच नाही, सर."

"मग?"

"मी लिहिलं."

सर हसले. ते हसले तशी मागच्या बाकावरची दोन मुलंही हसली. वर्गात आम्ही मोजकेच. उदगीरपासून तासाभरावरचं आमचं तालुक्याचं गाव, तिथलं एकुलतं एक ज्युनियर कॉलेज, आणि त्यात बारावी कला शाखेला इंग्रजी वाङ्मय हा ऐच्छिक विषय. तो घ्यायची कोणाला हौस नव्हती. घेणारे म्हणजे मास्तरांची मुलं, माझी मैत्रीण तबस्सुम आणि मी. मी घेतला, कारण अकरावीच्या प्रवेशाला कारकुनानं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून म्हटलं होतं, "भूगोल घे पोरी, हे तुला झेपायचं नाही."

कवठाळे सर तो विषय शिकवत नव्हते, सांगत होते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिवळे पडलेले कागद काढायचे आणि बसल्या बसल्या वाचायचे. आम्ही उतरवून घ्यायचो. "कॉमा" आणि "फुलस्टॉप"सुद्धा ते मोठ्यानं म्हणायचे. एका मुलानं चाचणी परीक्षेत उत्तरातच 'कॉमा' असं लिहून ठेवलं होतं आणि त्याला सरांनी पूर्ण मार्क दिले होते. शब्द न् शब्द त्यांचा असला की झालं.

अभ्यासाला आम्हाला एक तीन अंकी नाटक होतं, वर्षानुवर्षं तेच. समुद्रकाठचं एक श्रीमंत घर, मार्था त्या घरची सून. नवरा दिसायला सभ्य, आतून जुगारी. घरातली चांदीची भांडी एकेक करून गायब होतात आणि आळ येतो मार्थावर. पहिल्या अंकात ती भर पावसात चालत माहेरी जाते. बाप चर्चमधला पाद्री, गावात मान असलेला. तिसऱ्या अंकात नवऱ्याचं पितळ उघडं पडतं, सगळे मार्थाची माफी मागतात, ती सगळ्यांना चहा ओतून देते आणि पडदा पडतो. सरांच्या नोट्समध्ये लिहिलं होतं, मार्था ही क्षमेची मूर्ती आहे. परीक्षेत प्रश्नही तोच आला. शेवटच्या प्रवेशातल्या मार्थाचं स्वभावचित्र रेखाटा.

"ऐका, तुमची मैत्रीण काय म्हणते," सर म्हणाले आणि माझं उत्तर वाचायला लागले. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं, मग माझ्याकडं बघायचं.

"मार्था क्षमा करत नाही. तिसऱ्या अंकात ती नवऱ्याशी बोलते, सासूशी बोलते, दिराशी बोलते, मोलकरणीशी बोलते. बाप तिच्याशी पुन्हा पुन्हा बोलायला जातो. ती त्याला एकदाही उत्तर देत नाही. सगळ्यांना वाटतं ती शांत आहे. ती शांत नाही. ती रागावलेली आहे, आणि तिचा राग नवऱ्यावर नाही, बापावर आहे."

त्यांनी पेपर टेबलावर ठेवला.

"स्पेलिंगं चुकलेली. काळाचा पत्ता नाही. आणि मुद्दा मात्र विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा. कोण देतं तुला असली पुस्तकं?"

"चुका माझ्या आहेत, सर. म्हणजे उत्तरही माझंच असणार ना?"

हे मी उद्धटपणानं नव्हतं म्हटलं. मला खरंच वाटलं की एवढ्यावर त्यांना पटेल.

"हुशार आहेस," सर म्हणाले. "उतरवताना मुद्दाम चुका करायच्या, म्हणजे स्वतःचं वाटतं. वडील काय करतात?"

"एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत."

"माइकवर गाड्या पुकारतात, ते?" मागचे पुन्हा हसले. "घरात इंग्रजी कोणाला येतं?"

"कोणाला नाही."

"मग?" सर म्हणाले. "मी हे नाटक वीस वर्षं शिकवतोय, शिवलीला. वीस वर्षं. मला दिसलं नाही, आणि तुला दिसलं."

माझे कान तापले. रडायला येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तबस्सुम माझ्या ओढणीचं टोक धरून मला खाली ओढत होती. मी बसले नाही.

"पुस्तक उघडून बघा की, सर. तिसरा अंक."

सर उठले. पेपर घडी करून खिशात घातला.

"ते आता प्राचार्यांसमोर बघू. उद्या वडिलांना घेऊन यायचं. कॉपी केली असं कबूल करून माफी लिहून द्यायची. नाहीतर बोर्डाचं हॉल तिकीट मिळणार नाही."

*

घरी सांगितलं तेव्हा अप्पा जेवायला बसले होते. महानंदा अक्का वाढत होती. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला भालकीला दिली होती, पण ती वर्षभर आमच्याकडंच होती. जावई हैदराबादला कामाला गेलेत, तिकडं खोली मिळाली की नेतील, असं अप्पा सगळ्यांना सांगायचे. गल्लीतल्या बायका अक्काचं कौतुक करायच्या. किती समंजस पोरगी, नवरा लांब, पण तोंडातून कधी तक्रार नाही, म्हणायच्या. आई हे ऐकून मान हलवायची आणि भाजी निवडत बसायची.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज मोठा भारदस्त होता. स्टँडवर त्यांनी गाडी पुकारली की बाजारातली माणसं हातातलं टाकून पळायची. घरी मात्र ते हळू बोलायचे. घरी त्यांना आवाज चढवायची कधी गरजच पडली नव्हती.

"दोन ओळी लिहून दे," ते म्हणाले. "काय बिघडायलंय?"

"मी कॉपी केली नाही, अप्पा."

"केली नसशील. पण सर म्हणायलेत म्हणल्यावर आपण वाद घालायचा का? परीक्षा महत्त्वाची का हे?"

"मी चोर आहे असं लिहून देऊ?"

"चोर कोण म्हणायलंय? माफी म्हणजे काय, शब्द असतेत. बोलायचे आणि सोडून द्यायचे." त्यांनी घास घेतला. "आमटीत मीठ कमी पडलं का ग आज, महानंदा?"

अक्कानं मिठाची बरणी आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि आत गेली.

मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले. ती परात घासत होती.

"कोणतं उत्तर ग?" तिनं विचारलं.

"मार्थाचं."

तिचा हात थांबला. मग ती पुन्हा घासायला लागली, पहिल्याहून जोरात.

"माफी लिहू नको," ती म्हणाली.

*

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. प्राचार्य गव्हाणे टेबलामागं, कवठाळे सर त्यांच्या बाजूला, समोर अप्पा, आणि अप्पांच्या खुर्चीच्या मागं मी उभी. अप्पा खाकी गणवेशातच आले होते, दुपारची पाळी होती त्यांची. आल्या आल्या त्यांनी दोघांना नमस्कार केला आणि बसा म्हणेपर्यंत बसले नाहीत. मला त्याचाही राग आला.

गव्हाणे सर मूळचे गणिताचे. त्यांना हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं.

"हलगे, तुमची मुलगी अभ्यासू आहे," ते अप्पांना म्हणाले. "पण मोठ्यांच्या पुस्तकातलं उचलून लिहायचं म्हणजे बरोबर नाही. तिनं मान्य केलं की विषय संपला."

"ती करील की मान्य," अप्पा म्हणाले.

"सर, आधी पुस्तक बघा," मी म्हणाले. "मी लिहिलंय ते खरं आहे का खोटं, तेवढं बघा."

अप्पांनी मागं वळून बघितलं. पण गव्हाणे सरांनी हात पुढं केला, आणि कवठाळे सरांना त्यांचं पुस्तक द्यावं लागलं. गव्हाणे सर चष्मा लावून तिसरा अंक चाळायला लागले. ते बोट ठेवून ठेवून वाचत होते. मधेच ते मागची पानं उलटायचे, पुन्हा पुढं यायचे.

"खरं आहे की हो," ते शेवटी म्हणाले. "बापाला उत्तरच देत नाही ही. एवढा बोलतोय तो."

"तेच तर म्हणतोय मी, सर," कवठाळे सर पुढं सरसावले. "खरं आहे म्हणूनच चोरलेलं आहे. हे बारावीच्या मुलीला दिसण्यातलं नाही. ह्याला अभ्यास लागतो. खेड्यातली पोर, घरात एक इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, तिला हे कसं कळेल?"

मुद्दा चुकीचा असता तर मी ढ ठरले असते. बरोबर निघाला म्हणून चोर ठरले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की काही माणसांसमोर आपल्याला बरोबर असण्याची सोयच नसते.

गव्हाणे सरांनी चष्मा काढला. "सांग बाळ, कसं सुचलं तुला हे? तेवढं सांग, म्हणजे झालं."

मी अप्पांच्या डोक्याकडं बघितलं. तेल लावून नीट भांग पाडलेला, टोपी मांडीवर. मला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी गप्प राहिले.

"बघा," कवठाळे सर म्हणाले.

आणि तेव्हा अप्पांनी, केवळ काहीतरी बोलायला हवं म्हणून, विचारलं, "पण सर, त्या बापानं केलेलं काय असतं?"

"काही नाही हो," कवठाळे सर म्हणाले. "फार सज्जन माणूस दाखवलाय. पहिल्या अंकात मुलगी सासरच्या त्रासाला कंटाळून माहेरी येते. बाप तिला खाऊपिऊ घालतो, समजूत काढतो आणि स्वतःच्या गाडीत बसवून सासरी परत पाठवतो. जबाबदार बाप करतो तेच करतो. त्याचा कोणाला राग येईल? आणि ही लिहिते, सगळ्यांना बोलली, बापाला बोलली नाही."

अप्पांनी मांडीवरची टोपी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. शाळेतून येताना मी स्टँडवरून यायचे. त्या दिवशी भालकीची गाडी लागली आणि तिच्यातून अक्का उतरली. हातात पिशवी, पायात चपला नव्हत्या. मी पळत गेले. तेवढ्यात अप्पा त्यांच्या केबिनमधून बाहेर आले. त्यांनी अक्काच्या हातातली पिशवी घेतली. तिला कॅन्टीनमधून बिस्किटांचा पुडा घेऊन दिला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हळू आवाजात काहीतरी समजावलं, आणि ज्या गाडीतून ती उतरली होती त्याच गाडीत तिला खिडकीशी बसवलं. कंडक्टरला म्हणाले, "हिला भालकीला नीट उतरव." मग केबिनमध्ये जाऊन त्यांनी माइक हातात घेतला आणि तीच गाडी पुकारली. उदगीरमार्गे भालकी जाणारी गाडी फलाटावर उभी आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. अक्का खिडकीतून माझ्याकडं बघत होती. पुडा तिच्या मांडीवर तसाच होता.

नंतर ती पुन्हा आली, आणि पुन्हा परत गेली. त्यानंतर आली ती उजवा हात मोडून. तेव्हा मात्र अप्पांना तिला ठेवून घ्यावं लागलं, कारण प्लास्टर घातलेली बाई गाडीत बसवली तर डेपोतली माणसं विचारतील.

घरी आल्यापासून अक्का सगळ्यांशी बोलायची. आईशी, माझ्याशी, शेजारणींशी, दूधवाल्याशी. अप्पांशी नाही. अप्पा काही विचारायचे, ती वस्तू आणून ठेवायची. पाणी मागितलं, पाणी. मीठ विचारलं, मीठ. मोठी लेक बापाशी कशाला बोलेल, असं म्हणून हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. अप्पांच्याही नाही. मी मात्र रोज ऐकत होते. मग डिसेंबरात मी तिला स्वयंपाकघरात ते नाटक मराठीत सांगत होते, तर शेवट ऐकून तिनं एवढंच विचारलं, "बाप बोलायला येतो तेव्हा ती काय म्हणते?" मी पान बघितलं. काहीच नव्हतं. मी मागं जाऊन अख्खा अंक बघितला. कुठंच नव्हतं.

हे सगळं त्या खोलीत माझ्या तोंडाशी होतं आणि अप्पा पाठमोरे बसले होते. त्यांची मान हळूहळू लाल होत गेलेली मी बघितली. मला कळलं, त्यांना कळलं.

त्या क्षणी मला वाटलं, आता ते उठतील. म्हणतील, पोरगी खरं बोलायलीय. मी त्यांच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून वाट बघत राहिले.

"लिही," अप्पा म्हणाले.

"काय?"

"चोरलंय म्हणून लिही. पुस्तकातून घेतलंय म्हणून लिही." त्यांचा आवाज घरातला राहिला नव्हता, स्टँडवरचा झाला होता. "कागद द्या हिला, सर."

गव्हाणे सरांनाही ते चमत्कारिक वाटलं असावं. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला, पण हळूच.

"मी लिहिणार नाही," मी म्हणाले.

अप्पा उठले. त्यांनी माझा दंड धरला. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाही, पण त्यांची बोटं दंडात रुतली.

"तुझ्या मनानं रचलेलं आहे का पुस्तकातलं आहे?"

"तुम्हाला माहीत आहे, अप्पा, मी कुठून घेतलंय."

"बघा, घेतलंय म्हणतेय," कवठाळे सर म्हणाले.

अप्पांनी माझा दंड सोडला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे होतो आणि कवठाळे सर गव्हाणे सरांना सांगत होते, की कबुली झालेली आहे, आता फक्त सही राहिली. मी दार उघडून बाहेर आले. त्या माणसानं मला चोर म्हटलं त्याचा राग एक होता. माझ्या बापाला सगळं समजलं, आणि समजल्यावरही त्यानं मला चोर व्हायला सांगितलं, हा राग त्याहून वेगळा होता. तो अजूनही संपलेला नाही.

कवठाळे सरांचं इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्यांचं नाव यायला नको. पुढच्या वर्षी तबस्सुमची धाकटी बहीण बारावीला गेली, तिनंही इंग्रजी वाङ्मय घेतलं. तिच्या वहीत सरांनी सांगितलेल्या नोट्स मी वाचल्या. तिसऱ्या अंकात मार्था सर्वांशी बोलते, कॉमा, परंतु वडिलांशी एकही शब्द बोलत नाही, कॉमा, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येते. ते अजून हयात आहेत. लातूरला त्यांच्या नावानं उत्कृष्ट विद्यार्थ्याला ढाल देतात म्हणे.

*

अप्पा पाळी संपवून घरी आले ते चपला न काढता आत आले.

"हिचं कॉलेज बंद," ते आईला म्हणाले. "परीक्षाबिरीक्षा काही नाही. भरपूर शिकली. लग्नाचं बघतो आता."

"एवढं काय झालं हो?" आई म्हणाली.

"काय झालं ते तिला विचार. बापाला चारचौघांत खाली बघायला लावायचं शिकवायलेत तिथं."

मी पुस्तकं घेऊन कोपऱ्यात बसले होते. मी म्हणाले, "मी तर एक शब्द बोलले नाही. तुम्हीच विचारलंत, बापानं काय केलं म्हणून."

ते माझ्या अंगावर आले. आई मधे आली. आणि मग आतून आवाज आला.

"तिचं हॉल तिकीट आणून द्या."

आईला वाटलं अक्का दारात कोणाशी तरी बोलतेय. तिनं दाराकडं बघितलंसुद्धा. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. हाताला पीठ लागलेलं. ती अप्पांकडं बघत होती.

अप्पा जागच्या जागी थांबले.

"तू मधे पडू नको, महानंदा," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या पाठीवर वळ होते," अक्का म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत. बिस्किटं घेऊन दिलीत."

"तेव्हा मला—"

"थांबा. दुसऱ्यांदा आले तेव्हा गाडी स्टँडात शिरतानाच माइकवर तुमचा आवाज ऐकू आला. मी उतरलेच नाही. तिथंच बसून राहिले, गाडी वळेपर्यंत. तुम्ही खिडकीशी आलात आणि म्हणालात, शहाणी आहेस. पुढचं तुम्हाला माहीत आहे. हात तुमच्यासमोर आहे."

तिचा हात नीट बसला नव्हता. मनगटाशी थोडा वाकडाच राहिला होता. पोळ्या लाटताना ती तळव्याऐवजी बोटांनी जोर द्यायची.

"लोक काय म्हणतील म्हणून—" अप्पा म्हणाले.

"लोकांना तुम्ही हैदराबाद सांगितलंत. मी एका शब्दानं खोडलं नाही. सांगा तुम्हाला काय सांगायचं ते, मी माझ्यासाठी काही मागत नाही." ती एक पाऊल पुढं आली. "ही चोर नाही. आणि तुम्हाला ते माहीत आहे. तुमचं झाकायला तिला चोर करू नका. उद्या जाऊन तिचं हॉल तिकीट आणा. नाहीतर मी जाते कॉलेजात आणि त्या सरांना सांगते, कोणत्या पुस्तकातून उतरवलंय ते."

ती रडत नव्हती. तिचा आवाज चढलाही नव्हता. आई भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटत होतं, अक्कानं अजून बोलावं, अजून खूप बोलावं, त्यांना उभं जाळावं. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, थांबू नको. पण ती थांबली. आत गेली, आणि तव्यावरची पोळी करपली होती ती काढून बाजूला ठेवली.

अप्पा तसेच चपला घालून पुन्हा बाहेर गेले.

*

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेले. तिथं काय झालं ते मला गव्हाणे सरांनी निकालानंतर, दाखला घ्यायला गेले तेव्हा सांगितलं. अप्पा खुर्चीवर बसलेच नाहीत म्हणे. उभ्यानंच म्हणाले, "पोरीनं कुठून उतरवलेलं नाही. ते आमच्या घरातलं आहे." कवठाळे सर म्हणाले, घरातलं म्हणजे काय? अप्पा म्हणाले, "मी पाठवलं होतं माझ्या पोरीला परत. दोनदा." गव्हाणे सरांनी ड्रॉवरमधून हॉल तिकीट काढून दिलं. "तुझे वडील मोठे आहेत," ते मला म्हणाले. मी दाखला घेतला आणि निघाले. मोठे आहेत हे मला कोणाकडून ऐकायचं नव्हतं. ज्या दिवशी मोठं व्हायला हवं होतं त्या दिवशी ते माइकवर होते.

पण हे नंतरचं. त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी एवढंच बघितलं, की भर दुपारी, पाळी सोडून अप्पा घरी आले. आम्ही दोघी बहिणी ओसरीवर तूर निवडत बसलो होतो. त्यांनी खिशातून हॉल तिकीट काढलं. ते माझ्याकडं द्यायला हवं होतं, माझं होतं ते. त्यांनी ते अक्काच्या समोर ठेवलं, सुपाच्या कडेला.

"आणलं," ते म्हणाले.

अक्कानं हात झटकले. कागद उचलला, माझं नाव नीट वाचलं, विषय वाचले, फोटोवरचा शिक्का बघितला. मग तो माझ्या हातात दिला.

अप्पा हलले नाहीत. त्यांना वाटलं असेल, एकदा तोंड उघडलं म्हणजे झालं, आता ही बोलेल. मलाही तसंच वाटलं होतं. ते उन्हात उभे होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एरवी एका हाकेत सगळा स्टँड हलवणारा माणूस, त्याला शब्द जमवायला वेळ लागत होता.

"महानंदा," ते म्हणाले, "सगळं सांगितलं मी तिथं. सगळ्यांच्या समोर सांगितलं."

अक्का तूर पाखडायला लागली. कोंडा उडून अप्पांच्या खाकी पँटवर बसत होता. ते बाजूला झाले नाहीत.

"काहीतरी बोल की, पोरी," अप्पा म्हणाले.

अक्कानं सूप खाली ठेवलं. खड्यांची मूठ भरून अंगणात टाकली. मग ती माझ्याकडं वळली.

"पहिला पेपर कधी आहे ग तुझा?" तिनं विचारलं.

"सोमवारी," मी म्हणाले.

"मग इथं काय बसलीस? ऊठ, अभ्यासाला लाग."